हाडाची वादक

लग्न नोंदवून आम्ही दोघं घरी आलो तेव्हा दार वन्संनी उघडलं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. 'ताईची तब्येत जरा नाजूक असते,' एवढंच नवऱ्याने सांगून ठेवलं होतं. दारात उभ्या असलेल्या बाईंचं कपाळ इतकं पुढे आलेलं होतं की त्याखालचे डोळे वळचणीला बसल्यासारखे दिसत होते. गालाची हाडं रुंद, नाकाचा वरचा भाग बसका, वरचा जबडा पुढे, आणि वरचे दात एकमेकांशी अबोला धरल्यासारखे लांब लांब उभे. डोळ्यांत पिवळसर झाक. बघायचं नाही असं मी मनाशी ठरवलं आणि खाली पायपुसण्याकडे बघत राहिले.

"पायपुसणं जुनंच आहे," त्या म्हणाल्या. "मला बघ. एकदाच नीट, पोटभर बघून घे. दोन दिवसांत सवय होते. चोरून बघत बसलीस तर वर्ष जाईल."

मग मी बघितलं. त्याही मला बघत होत्या.

"तुझं नाक चांगलं आहे," असा निकाल देऊन त्या माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेल्या. बॅग जड होती. अर्ध्या वाटेत त्यांनी ती खाली ठेवली, दम घेतला, आणि मी पुढे होते आहे असं दिसताच पुन्हा उचलली. त्या दिवसापासून त्या मला 'नवी' म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी मी नवीच.

त्याच आठवड्यात त्यांनी मला रक्त तपासायला नेलं. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, घरात पाऊल टाकते न टाकते तोच सुनेला सुई काय टोचतेस!"

"तुम्ही दोघांनी वेळेवर टोचून घेतली असती तर..." वन्सं बोलता बोलता थांबल्या. "तर मी झालेच नसते. ते काही मला पटत नाही. पण हिला माहीत असलेलं बरं."

दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. डॉक्टरांपेक्षा सोपं करून.

"तांबड्या पेशी गोल असतात ना, माझ्या वाकतात. विळ्यासारख्या. म्हणून सिकल सेल. बारीक नळीत अडकल्या की पुढचं रक्त तुंबतं, आणि मग जे काही दुखतं ते विचारू नकोस. शिवाय त्या मरतात लवकर. मग शरीर नव्या करायला बसतं. त्या होतात हाडांच्या आत, मज्जेत. माझी मज्जा मी पाळण्यात होते तेव्हापासून तिन्ही पाळ्यांत चालते आहे. जागा पुरेना, म्हणून तिने भिंती बाहेर ढकलल्या. लहान मुलाची हाडं ती, सरकली बिचारी. कपाळ पुढे आलं, जबडा पुढे आला." त्यांनी बोटाने कपाळावर टकटक केलं. "एक्स-रेत कवटीच्या हाडावर बारीक उभ्या रेघा दिसतात माझ्या. केस ताठ उभे राहिल्यासारख्या. बाहेर केस विरळ, आत मात्र दाट. आतले विंचरायची सोय नाही एवढंच."

नवऱ्याच्या रक्तात हा दोष अर्धा होता. त्याने त्याला त्रास नव्हता. माझ्यातही अर्धा निघाला असता तर आमच्या मुलाला पूर्ण होण्याची भीती होती. माझ्यात निघाला नाही. तो निरोप घेऊन वन्सं धापा टाकत जिना चढून आल्या आणि त्यांनी माझी पाठ एवढ्या जोरात थोपटली की मला ठसका लागला.

अंगातल्या एकेका हाडाने त्यांना छळलं. जिभेला तेवढं हाड नाही, म्हणून ती मोकाट सुटली असावी. शाळेत त्यांना मुलं 'हेल्मेट' म्हणत. सासूबाई रोज सकाळी त्यांच्या कपाळावर केसांची झालर सोडायच्या, कपाळ झाकायला. एक दिवस वन्संनी शाळेच्या वाटेवर ती झालर कात्रीने मुळापासून छाटली आणि वर्गात जाऊन सांगितलं, "हेल्मेटला कुणी पडदा लावतं का?" सासूबाईंनी त्या दिवशी त्यांना बोलून बोलून हैराण केलं. पण झालर परत आली नाही.

वन्सं पालिकेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. अग्निशमन केंद्राच्या मागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे बँडचा सराव चालतो. रविवारी संध्याकाळी बागेत कार्यक्रम असतो. तिथे त्या शिरल्या कशा, हे बँडमास्तर मला स्वतः सांगतात, आणि दर वेळी तितक्याच वैतागाने.

क्लॅरिनेटचं असं असतं. वरचे दात तिच्या टोकावर, माउथपीसच्या पाठीवर टेकवायचे. खालचा ओठ दातांवर दुमडून त्याची गादी करायची, आणि त्या गादीवर बोरूची एक पातळ पट्टी थरथरू द्यायची. तिला रीड म्हणतात. म्हणजे सगळा कारभार दात, जबडा आणि खालचा ओठ यांच्यात. मास्तरांनी या विशीतल्या मुलीचं तोंड बघितलं आणि म्हणाले, "तुमचे वरचे दात खालच्यांच्या एवढे पुढे. त्यापेक्षा ढोल का शिकत नाही?"

"ढोल माझ्या खांद्यांना पेलणार नाही. शिवाय ढोलाला तोंड लागत नाही, आणि मला तोंड आहे."

"ते दिसतंच आहे," मास्तर म्हणाले, आणि हसू आल्यामुळे फसले.

बाकीचे वादक क्लॅरिनेट पुढे तिरकी धरत. वन्संनी महिनोन्‌महिने खटपट करून शोधून काढलं की आपल्या जबड्याला ती जवळजवळ सरळ खाली, छातीशी धरली तरच सूर नीट बसतो. झालं. मास्तरांना रांग म्हणजे जीव की प्राण. सगळ्या क्लॅरिनेट एका कोनात आणि एकच छातीशी बिलगलेली.

"रांग बिघडते तुमच्यामुळे."

"सूर बिघडतो का?"

"सूर नाही."

"मग बघणाऱ्यांना डोळे मिटायला सांगा."

गणवेशाच्या टोपीवरूनही असाच वाद झाला. कुठलीच टोपी त्यांच्या डोक्यावर बसेना. मास्तरांनी त्यांना टोपीशिवाय मागे उभं राहायला सांगितलं. वन्संनी टोपीची मागची शिवण उसवली, आत त्याच रंगाची पट्टी जोडली आणि टोपी घालून पुढे उभ्या राहिल्या. मी या घरात आले तोवर त्या बँडची पहिली क्लॅरिनेट झाल्या होत्या. अवघड एकल तुकडा आला की तो त्यांचा.

मग ते पुलाचं उद्घाटन झालं.

थंडीचे दिवस, नदीवरचं वारं, आणि बँड सकाळपासून उभा. पाहुणे उशिरा आले आणि आल्यावर बोलतच सुटले. सिकल सेलच्या माणसाला थंडी बाधते, आणि अंगात पाणी कमी पडून तर अजिबात चालत नाही. वन्संची पाण्याची बाटली म्हणूनच कायम बरोबर असते. पण त्या दिवशी कुणा व्यवस्थापकाने रांगेतल्या बाटल्या दिसायला वाईट म्हणून उचलून नेल्या. वन्सं त्याच्याशी भांडल्या. तेवढ्यात मास्तरांची काठी वर गेली आणि वाजवायला सुरुवात करावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या त्या खालचा जबडा दोन्ही हातांत धरून. दुखणं त्यांना नवं नव्हतं. पाय, पाठ, हात, सगळ्यांनी आळीपाळीने त्यांना झोपवलं होतं. पण त्या सकाळी त्या बोलत नव्हत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते त्यामुळे.

सासूबाई म्हणाल्या अक्कलदाढ असेल. शेजारच्या बाई लवंग घेऊन आल्या. आम्ही त्यांना कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे नेलं. त्याने एकेका दातावर हलकेच ठोकून पाहिलं, एक्स-रे काढला आणि पकड बाजूला ठेवली.

"दात ठणठणीत आहेत. दुखतंय ते हाड. तुम्हाला सिकल सेल आहे ना? मग इथे वेळ घालवू नका. मी हॉस्पिटलला फोन करतो, तुम्ही निघा."

हॉस्पिटलमध्ये सलाईन लागलं, वेदनेची औषधं सुरू झाली. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा मध्येच कुठेतरी तुंबला होता. हाडात जंतू शिरले नाहीत ना, याची डॉक्टर रोज खात्री करत होते. वन्संची हनुवटी सुजून एका बाजूला गेली होती. सूज उतरली, दुखणं हळूहळू सरलं, आणि मग एका सकाळी त्यांनी चहाचा घोट घेतला तर तो ओठाच्या कोपऱ्यातून गाऊनवर सांडला. त्यांना कळलंच नाही. मी पुसायला गेले तर म्हणाल्या, "काय पुसतेस?"

खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ओठाला जाणारी नस जबड्याच्या हाडातून बोगद्यासारखी जाते. हाड आजारी पडलं, सुजलं, आणि ती आत दाबली गेली. परत येईल का? बऱ्याचदा येते. कधी? काही महिने. आणि नाही आली तर? डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत, खोटं आश्वासनही दिलं नाही. "कधी कधी नाही येत," ते म्हणाले.

वन्सं रडल्या. मी ते लिहिते आहे, कारण त्यांना कुणी पोलादी वगैरे म्हटलेलं आवडत नाही. "पोलाद काय, माझं साधं हाड धड नाही," म्हणतात.

त्याच मुक्कामात जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे एक सर्जन वॉर्डात आले. माणूस भला होता. त्यांनी वन्संचा चेहरा सगळ्या बाजूंनी नीट पाहिला आणि म्हणाले, वरचा जबडा कापून मागे सरकवता येईल, दात जुळवता येतील. भूल देण्यात धोका आहे, आधी रक्त चढवावं लागेल, पण अशक्य नाही. विचार करून सांगा.

सर्जन गेले आणि सासूबाईंचे डोळे असे चमकले की मला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर वाट बघितलेलं कुणीतरी दारात येऊन गेलं होतं.

"करून घे ना गं," त्या म्हणाल्या. "ओठ तसाही गेलाय. वाजवणं काय आता..."

"आई."

"लोक इतकी वर्षं बघतात, बोलतात..."

"लोकांना सवय झाली. तुलाच तेवढी झाली नाही."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मीच दिलं ना तुला हे," त्या पदराआडून म्हणाल्या.

वन्सं उठून बसल्या. हाताला सुई होती, तरी बसल्या. "अर्धं तू, अर्धं बाबांनी. आणि ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. माझा कान सुराला पक्का आहे तोही तुम्हा दोघांतूनच कुठून तरी आला. त्याचं श्रेय कधी घेतलं नाहीस, मग याचा दोष कशाला घेतेस? नीट ऐक आता. या तोंडाने मी वाजवायला शिकले. हा दात इथे, हा जबडा असा, म्हणून माझा सूर तसा. उद्या तोंड नवं केलं तर त्याला पुन्हा अ आ इ पासून कोण शिकवणार? तू?"

सासूबाई रडता रडता हसल्या. त्यांना सूर आणि सुरी यांतला फरक कळत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

नंतर आम्ही दोघीच असताना वन्सं मला म्हणाल्या, "नवी, विशीत कुणी विचारलं असतं ना, तर मी धावत जाऊन टेबलावर झोपले असते. आईला सांगू नकोस." मग म्हणाल्या, "ज्याला चावता येत नाही, ज्याला खरंच हवंय, त्याने जरूर करावं. मला नको. आणि 'नको' म्हणायला मला कुणाचा दाखला लागत नाही."

घरी आल्यावर त्यांनी क्लॅरिनेट जोडली आणि फुंकली. बाहेर पडला तो सूर नव्हता, किंकाळी होती. रीड ओठाच्या गादीवर कुठे टेकली आहे हेच त्यांना कळत नव्हतं. दुसऱ्यांदा नुसती हवा. तिसऱ्यांदा ओठ दाताखाली सापडला, रक्त आलं, आणि तेही त्यांना माझा चेहरा बघून समजलं.

मास्तर फळं घेऊन भेटायला आले. खुर्चीत अवघडून बसले. "घाई नाही," ते म्हणाले. "नोटेशनचे कागद लावायला कुणीतरी हवंच आहे. झांजाही आहेत. तुम्ही बँडमध्येच राहाल, याची काळजी मी घेतो."

"मास्तर, संत्री गोड आहेत," वन्सं म्हणाल्या. "झांजा तुम्हीच वाजवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघरातला आरसा काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. ओठाला कळत नाही तर डोळ्यांनी बघायचं. मी भाजी चिरता चिरता सांगायची, "डावीकडे घसरला," "फार आत गेला," "लाळ." सुरुवातीला 'लाळ' म्हणताना मला लाज वाटायची, मग मी ते 'मीठ दे' म्हणावं तितक्या सहज म्हणायला लागले. नवरा कामावरून आला की दारातूनच अंदाज घ्यायचा. आतून किंकाळ्या येत असतील तर काढता पाय घ्यायचा आणि कोपऱ्यावर एक फेरी मारून यायचा.

पण नुसत्या डोळ्यांनी भागेना. बागेत, शेडमध्ये आरसा कुठून आणणार? एका दुपारी वाजवता वाजवता त्या मध्येच थांबल्या. माझा हात ओढून त्यांनी स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि एक लांब सूर धरला. हाताला बारीक थरथर लागली.

"लागलं? वरच्या दातांतून येतं. वरचा दात माउथपीसवर टेकलाय ना, तो सगळं वर पाठवतो. रीड नीट बसली की कपाळात एकसारखी थरथर येते, सरकली की ती फाटते. हे आधीही होत असणार, ओठ होता म्हणून मी लक्ष दिलं नाही. ओठ गेला तर गेला. वरचं हाड अजून माझ्याशी बोलतंय."

त्या दिवसापासून त्या आरशाकडे पाठ करून बसायला लागल्या. खूप सूर चुकले. चिडून त्यांनी एकदा संगीताचे सगळे कागद खिडकीबाहेर फेकले. खाली जाऊन ते मी गोळा केले, आणि वर येईपर्यंत त्या पाठ असलेलं काहीतरी वाजवत होत्या. बाहेर वसंत आला तेव्हा त्यांना सबंध तुकडा वाजवता येऊ लागला होता.

त्या शेडवर गेल्या. मी बरोबर होते. "परीक्षा घ्या माझी," त्यांनी मास्तरांना सांगितलं.

मास्तर चांगुलपणानेच म्हणाले, "असं करू. मध्ये पडदा लावू. दोघातिघांकडून तोच तुकडा वाजवून घेऊ आणि सगळ्यांनी ऐकून मत द्यायचं. म्हणजे दया केली असंही कुणी म्हणणार नाही, आणि..." ते अडखळले.

"आणि ओठातून लाळ गळताना कुणाला दिसणार नाही," वन्सं म्हणाल्या. "पडदा नको, मास्तर. मी बागेत पडदा लावून वाजवणार नाही. लोक हे तोंड बघूनच ऐकणार आहेत. तुम्हीही बघूनच ऐका."

त्या सगळ्यांसमोर मध्ये उभ्या राहिल्या. टोपी घातलेली, क्लॅरिनेट छातीशी. पहिलाच सूर चिरकला. ट्रम्पेटवाल्याने खाली बघितलं. वन्संनी रुमालाने हनुवटी पुसली, कुणाचीही माफी न मागता पुन्हा सुरुवात केली. या वेळी सूर लागला आणि लांब चालला. मधल्या चढाच्या जागी त्या पोचल्या न पोचल्या तोच पलीकडे केंद्राचा भोंगा वाजला आणि आगीचा बंब गर्जत बाहेर पडला. अशा वेळी सगळा बँड सवयीने थांबतो. वन्सं थांबल्या नाहीत. भोंग्यात आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांची बोटं हलताना आणि गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. बंब लांब गेला आणि त्यातून हळूहळू क्लॅरिनेट वर आली, अगदी जिथे असायला हवी होती तिथे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तरांनी नाक शिंकरलं. मग मास्तरांसारखेच बोलले.

"हाडाची वादक आहात, यात वाद नाही. पण वेगवान तुकड्यात तीन ठिकाणी ओठ मागे पडला. पहिली जागा आज देत नाही. दुसऱ्या रांगेत बसा."

मला राग आला. वन्संना आला नाही, किंवा आला तर तो खरं बोलण्यावर नव्हता. "तीन नाही, चार ठिकाणी," त्या म्हणाल्या. "एक तुमच्या बंबाने झाकलं. उन्हाळ्यानंतर पुन्हा परीक्षा घ्यायची. आणि रांगेतल्या पाण्याच्या बाटल्या कुणी उचलल्या, तर मी भर कार्यक्रमात खाली बसेन. लिहून ठेवा."

उन्हाळ्यानंतर त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि मास्तरांनी पुन्हा नाही म्हटलं. त्या घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग ओठात मुंग्या यायला लागल्या. उजवीकडून, हळूहळू. एक दिवस गरम चहाने ओठ भाजला म्हणून त्या आनंदाने ओरडल्या, आणि सासूबाई बर्फ घेऊन धावल्या तर त्यांनाच मिठी मारली. डावा कोपरा मात्र परत आला नाही, अजूनही नाही. तिसऱ्या परीक्षेत त्यांना पहिली जागा मिळाली. दुसऱ्या रांगेत त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण वन्सं इतके दिवस त्यांचेही सूर सुधारत बसल्या होत्या.

आता वन्संचा खुबा कुरकुरतो, जिना चढताना त्या माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि "तुझ्यासाठी थांबलेय," म्हणतात. रोजची कॅप्सूल त्या चुकवत नाहीत. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, दमायचं नाही, दिवसाला एक तासच वाजवायचं. वन्संनी मान डोलावली. मग विचारलं, सूर जुळवायला वेळ लागतो तो यात धरायचा का? डॉक्टर म्हणाले, तो कशाला धरायचा.

"नवी, ऐकलंस ना? तू साक्षीदार," त्या म्हणाल्या.

आज सकाळपासून त्या सूर जुळवत बसल्या आहेत.